भावाला विल्सन निघाला. मग माझी तपासणी लग्नाआधी की नंतर?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सोलापूरच्या पूर्व भागात राहणारी २४ वर्षांची मुलगी लिहिते. १७ वर्षांच्या भावाला गेल्या वर्षी विल्सनचा आजार (अंगात तांबं साचत जाणारा जन्मजात आजार) असल्याचं निदान झालं. त्याआधी वर्षभर ‘कावीळ’ म्हणून इकडे-तिकडे उपचार चालले होते. मग अक्षर बिघडलं, बोलणं जड झालं, आणि अभ्यासाचा कंटाळा म्हणून त्यानं बोलणीही खाल्ली. आता पेनिसिलामीनच्या (साचलेलं तांबं बाहेर काढणारं औषध) कॅप्सूल चालू आहेत. डॉक्टरांनी बहिणींचीही तपासणी करा असं सांगितलं होतं, पण तिचं लग्न अक्कलकोटच्या सख्ख्या मामेभावाशी ठरलंय, सुपारी फुटली आहे. आई-वडील (दोघंही नात्यातलेच) म्हणतात, “तू धडधाकट आहेस. आता तपासणी काढलीस तर सोयरीक मोडेल, लग्नानंतर बघू.” पाळी अनियमित असल्यानं ती काही महिने हार्मोनच्या गोळ्या घेते आहे. धाकटी बहीण सातवीत आहे. आजी म्हणते, हे सगळं आईच्या माहेरून आलं. भाऊ दुपारचा डोस चुकवतो. कॅप्सूल सुरू झाल्यावर त्याच्या हाताची थरथर वाढली, म्हणून आईला वैद्यांच्या जुन्या गोळ्या परत सुरू करायच्या आहेत. तिचा प्रश्न असा: आजार बराच होणार नसेल, तर लग्नाआधी कळून काय फायदा?

---

ताई, शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करू, कारण घरातली बाकी सगळी भीती त्याच्यावर उभी आहे. विल्सन बरा होत नाही हे खरं. पण त्याचा अर्थ तुमच्या घरात जो लावला जातोय तो बरोबर नाही. डॉ. विल्सन यांनी हा आजार १९१२ मध्ये मांडला, तेव्हा त्यावर खरंच काही उपाय नव्हता. १९५६ मध्ये डॉ. जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामीन वापरायला सुरुवात केली आणि चित्र पालटलं. जन्मजात दोषामुळे होणाऱ्या आजारांत रोजच्या गोळीवर माणूस नोकरी, संसार, बाळंतपण सगळं करू शकतो असे आजार मोजकेच. विल्सन त्यातला एक आहे, अट एवढीच की यकृत किंवा मेंदू बिघडण्याआधी तो सापडला पाहिजे. भावाचं वर्ष वाया गेलं. तुमच्या बाबतीत ते वर्ष अजून हातात आहे.

‘धडधाकट आहेस’ या शब्दावर विसंबू नका. आपण रोज खाण्यातून थोडं तांबं घेतो, आणि जादाचं तांबं यकृत पित्तातून बाहेर टाकतं. हे काम एटीपी७बी नावाच्या जनुकातून तयार होणारं प्रथिन करतं. त्या जनुकाच्या दोन्ही प्रती (एक आईकडून, एक वडिलांकडून आलेली) सदोष असल्या की तांबं यकृतात साचत जातं, आणि तिथली जागा संपली की रक्तात उतरून मेंदूत, डोळ्यात, मूत्रपिंडात जातं. साचायला जन्मापासून सुरुवात होते. लक्षणं मात्र बहुतेकांना ५ ते ३५ या वयात कधीतरी दिसतात. म्हणजे चोविसाव्या वर्षी त्रास नसणं हा काही पुरावा नव्हे.

भावाला आजार आहे याचा अर्थ आई आणि वडील दोघांकडेही एकेक सदोष प्रत आहे. आजीला हे कुणीतरी शांतपणे सांगायला हवं: एकट्या माहेरून हा आजार येऊच शकत नाही, निम्मा वाटा वडिलांचा आहे. या हिशेबानं प्रत्येक सख्ख्या भावंडाला आजार असण्याची शक्यता चारात एक, नुसतं वाहक (एकच प्रत सदोष) असण्याची चारात दोन, आणि दोन्ही प्रती चांगल्या असण्याची चारात एक. वाहकाला आजार होत नाही, औषध लागत नाही.

आणि हा हिशेब ‘प्रत्येक’ भावंडाचा आहे. धाकट्या बहिणीचा उल्लेख तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन गेला. तिच्या लग्नाची घाई नाही म्हणून तिच्या तपासणीचा विषय कुणाच्या डोक्यात आला नसावा. पण सातवीचं वय म्हणजे यकृताची लक्षणं सुरू होण्याचं अगदी नेहमीचं वय. तुमच्याबरोबर तिलाही घेऊन जा. ‘तिची शाळा आहे’ हे कारण ऐकू नका.

आता तपासणीत काय काय असतं आणि कुठे फसगत होते ते सविस्तर सांगते, कारण विल्सनची एक चाचणी करून ‘नॉर्मल’ म्हणून घरी परतलेले लोक कमी नाहीत.

पहिली रक्ताची, सेरुलोप्लाझमिन. हे तांबं वाहून नेणारं प्रथिन. साधारण २० ते ४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असतं. १० च्या खाली असेल तर संशय दाट, १० ते २० च्या मध्ये असेल तर गोंधळ, कारण काही वाहकांचंही ते थोडं कमी असतं. तुमच्या बाबतीत दुसरीच अडचण आहे. पाळीसाठीच्या ज्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं, त्यांनी सेरुलोप्लाझमिन वाढतं. गरोदरपणात आणि अंगात कुठे सूज किंवा संसर्ग असला तरी वाढतं. म्हणजे आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. गोळीचं पाकीट डॉक्टरांकडे घेऊन जा आणि ही गोष्ट त्यांनी विचारायची वाट न बघता सांगा. (पाळी अनियमित असण्याची कारणं ढीगभर आहेत, त्यावरून घाबरून जाऊ नका. पण उपचार न झालेल्या विल्सनमध्येही पाळी बिघडते, म्हणून तेही त्यांच्या कानावर घाला.)

दुसरी, २४ तासांच्या लघवीतलं तांबं. ही चाचणी बिघडते ती घरी, लॅबमध्ये नाही. डबा लॅबकडूनच आणा, धातूचा अंश नसलेला. सकाळी सात वाजता उठून पहिली लघवी टाकून द्यायची, डब्यात घ्यायची नाही. त्यानंतर दिवस-रात्रीची प्रत्येक लघवी त्यात, आणि दुसऱ्या दिवशी सातची लघवी डब्यात घेऊन थांबायचं. मध्ये एकदा जरी बाहेर गेली तरी आकडा खोटा. तांब्यात किंवा स्टीलच्या भांड्यात धरून मग ओतू नका, प्लॅस्टिकचं स्वच्छ भांडं वापरा. पाळीच्या दिवसांत ही चाचणी नको. त्याच नमुन्यातलं क्रिएटिनिन मोजायला सांगा, त्यावरून संकलन पूर्ण झालं का ते कळतं. लक्षणं असलेल्या रुग्णात दिवसाला १०० मायक्रोग्रॅमच्या वर तांबं सापडणं हे आजाराकडे बोट दाखवतं, पण लक्षणं नसलेल्या भावंडांत ४० च्या वर गेलं तरी पुढे शोधावं लागतं. लॅबच्या छापील ‘नॉर्मल रेंज’कडे बघून खूश होऊ नका, आकडा विल्सन ओळखीचा असलेल्या डॉक्टरांना दाखवा.

तिसरी डोळ्यांची. बुबुळाच्या कडेला साचलेल्या तांब्याचं तपकिरी-हिरवट कडं दिसतं, ते नेत्रतज्ज्ञ स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून दाखवणारं यंत्र) बघतात. आरशात किंवा मोबाईलच्या टॉर्चनं बघून उपयोग नाही. आणि कडं नाही म्हणजे आजार नाही, असंही नाही. मेंदूवर परिणाम झालेल्या बहुतेकांत ते असतं, फक्त यकृताचा त्रास असलेल्यांत निम्म्यांतच सापडतं, आणि लक्षणं नसलेल्या भावंडांत बरेचदा नसतंच.

या सगळ्या ‘हो-नाही’च्या फेऱ्यांतून सोडवणारी चाचणी म्हणजे जनुकाची. इथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी भावाची, मग तुमची. भावाच्या एटीपी७बी जनुकात नेमकी कुठली चूक आहे हे सापडलं की तुमच्या दोघींच्या रक्तात फक्त तीच चूक आहे का ते बघायचं. हे स्वस्तही पडतं आणि उत्तरही स्पष्ट मिळतं: आजारी, वाहक, किंवा काहीच नाही. हार्मोनच्या गोळीनं यात फरक पडत नाही. रिपोर्टला काही आठवडे लागतात, म्हणून भावाची ही चाचणी झाली नसेल तर तिथूनच सुरुवात करा. यकृताच्या रक्तचाचण्या, सोनोग्राफी आणि स्लिट लॅम्पसाठी सोलापूर सोडायची गरज नाही, सिव्हिलमध्येही हे होतं. जनुकासाठीचं रक्त इथे देऊन बाहेरगावच्या लॅबला जातं.

आता लग्न. आई-वडिलांचा हिशेब असा की मामांच्या घरच्यांना कळलं तर सोयरीक मोडेल. पण मामा म्हणजे काही परके व्याही नव्हेत. ते तुमच्या आईचे सख्खे भाऊ. आईकडे सदोष प्रत आहे हे नक्की, आणि ती तिला तिच्या आई किंवा वडिलांकडून आली, म्हणजे मामांकडेही ती असण्याची शक्यता निम्मी. मामेभावाकडे असण्याची चारात एक. हा आजार मामांच्या घरातही वाहक म्हणून असू शकतो, आणि त्यांच्याही मुलांची लग्नं नात्यातच होणार असतील तर त्यांना हे कळणं त्यांच्या भल्याचं आहे. तुम्ही त्यांच्यापासून जे झाकून ठेवताय ते निम्मं त्यांचंच आहे.

बाळाच्या बाजूनं हिशेब करू. तुम्हाला आजार असेल, तर तुमच्याकडून बाळाला सदोष प्रत जाणारच. मामेभाऊ वाहक असण्याची शक्यता चारात एक, आणि असला तर त्याच्याकडून प्रत जाण्याची निम्मी. म्हणजे बाळाला आजार होण्याची शक्यता आठात एक. तुम्ही नुसत्या वाहक असाल तर सोळात एक. तुमच्या दोन्ही प्रती चांगल्या असतील तर शून्य. मामेभावानंही ती एकच चाचणी केली आणि तो वाहक नाही असं निघालं, तर तुम्हाला आजार असला तरी बाळाला तो होण्याची शक्यता अगदी कमी होते. नात्याबाहेर लग्न केलं तरी धोका शून्य होत नाही: तुम्हाला आजार असेल तर बाळाला तो होण्याची शक्यता साधारण दोनशेत एक राहते.

यातला कुठलाही आकडा ‘लग्न मोडा’ असं सांगत नाही. नात्यातल्या लग्नानं दोष निर्माण होत नाही, एकाच घरातल्या दोन सदोष प्रती एकत्र येण्याची शक्यता तेवढी वाढते. दोघं वाहक आहेत हे माहीत असेल तर गरोदरपणातल्या तपासणीचा विचार करता येतो, किंवा जन्मल्यावर बाळाची जनुक चाचणी करून, यकृताला काही होण्याआधी, लहानपणीच औषध सुरू करता येतं. माहीत नसेल तर यातलं काहीच करता येत नाही. माझं मत विचाराल तर तारीख काढण्याआधी दोघांचे रिपोर्ट हातात असावेत. मामांनी सगळं ऐकून नकार दिला तर वाईट वाटेल, नातंही काही काळ ताणलं जाईल. हे होऊ शकतं, उगाच ‘सगळं ठीक होईल’ असं सांगणार नाही. पण लग्नानंतर पहिल्या गरोदरपणात कावीळ होऊन हे बाहेर येणं, आणि ‘यांना आधीच माहीत होतं’ असं अक्कलकोटमध्ये बोललं जाणं, हे त्याहून कितीतरी वाईट. तेव्हा जीवही पणाला लागलेला असेल.

समजा, आजार निघाला. लक्षणं नसताना सापडलेल्या रुग्णाला बऱ्याचदा झिंकवर ठेवता येतं, काही डॉक्टर कमी डोसचं पेनिसिलामीन देतात. झिंक आतड्यातच तांबं अडवतं. मोठ्या माणसाला नेहमीचा डोस ५० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. इथली मेख अशी की हे ५० म्हणजे मूळ झिंक, गोळीचं वजन नव्हे. २२० मिलिग्रॅम झिंक सल्फेटमध्ये मूळ झिंक ५०च्या आसपास असतं, आणि जुलाबासाठी मिळणाऱ्या गोळीत २०. दुकानदारानं ‘झिंकच आहे’ म्हणून दुसरी पट्टी दिली तर डोस निम्म्याखाली येतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. लेबलवर ‘एलिमेंटल’ किती ते वाचा. गोळी जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी, नुसत्या पाण्याबरोबर. दुधाचा चहा म्हणजेही पोटात काहीतरी गेलं असंच धरा. सकाळच्या गोळीनं मळमळलं तर ती थोडी उशिरा घ्यायची मुभा डॉक्टरांकडून घ्या, किंवा झिंक ॲसिटेट मिळतं का ते विचारा, ते बऱ्याच जणांना जास्त मानवतं. गरोदरपणात औषध बंद करायचं नाही. झिंक असेल तर तसंच, पेनिसिलामीन असेल तर डॉक्टर डोस कमी करतात, पण थांबवत नाहीत. आणि कॉपर-टी बसवायची नाही. हे स्त्रीरोगतज्ज्ञांना आठवण करून द्यावं लागतं.

आता भाऊ. कॅप्सूल सुरू झाल्यावर थरथर वाढली, हा आईचा भास नाही. साचलेलं तांबं हलायला लागलं की मेंदूची लक्षणं असलेल्या काही रुग्णांत सुरुवातीला त्रास वाढतो. त्यावर उपाय डॉक्टरांच्या हातात आहे: डोस हळूहळू चढवणं, किंवा ट्रायएंटीन (तांबं काढणारं दुसरं औषध) वा झिंककडे वळणं. ‘थरथर कधी वाढली, डोस त्या वेळी किती होता’ एवढं तारखेसह लिहून त्यांना दाखवा. दर आठवड्याला एका वहीत त्याच्याकडून तीच दोन वाक्यं लिहून घ्या, अक्षरावरून डॉक्टरांना पुष्कळ कळतं. घरच्या घरी औषध बंद करणं हा सगळ्यात धोक्याचा मार्ग. बरं वाटतं म्हणून औषध सोडलेल्या रुग्णांचं यकृत काही महिन्यांत किंवा दोन-तीन वर्षांत अचानक निकामी झालेलं आहे, आणि मग प्रत्यारोपणाशिवाय पर्याय राहत नाही.

वैद्यांच्या जुन्या गोळ्यांची पट्टी किंवा डबी उलटून घटक वाचा. काविळीवर सर्रास दिल्या जाणाऱ्या आरोग्यवर्धिनीत ताम्रभस्म असतं, म्हणजे तांबंच. इतरांना ती मानवत असेल, पण ज्याच्या अंगातून तांबं बाहेरच पडत नाही त्याला ती देऊ नये. आईला यात वैद्यांची निंदा वाटू नये, निदान झालेलं नव्हतं तेव्हा कुणालाच हे माहीत नव्हतं. आता माहीत आहे.

दुपारचा डोस चुकतो, कारण पेनिसिलामीनही रिकाम्या पोटीच लागतं आणि कॉलेजात ते जमत नाही. दिवसाचा डोस दोन ते चार भागांत विभागता येतो. उठल्या उठल्या आणि रात्री झोपताना असे दोनच भाग चालतील का ते डॉक्टरांना विचारा. चुकणाऱ्या तीन डोसांपेक्षा न चुकणारे दोन बरे. लोह, झिंक किंवा ॲसिडिटीची गोळी त्याच वेळी नको, दोन तासांचं अंतर ठेवा. बी६ म्हणजे पायरिडॉक्सिन रोज २५ ते ५० मिलिग्रॅम बरोबर असतंच, ते ‘नुसतं व्हिटॅमिन’ म्हणून वगळलं जातंय का बघा. लघवीला फेस, पायावर सूज, ताप, पुरळ, अंगावर लाल ठिपके यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. रक्ताच्या पेशी आणि लघवीतली प्रथिनं सुरुवातीला वरचेवर तपासतात ती याचसाठी. सोलापुरात प्रत्येक दुकानात ही कॅप्सूल मिळत नाही, तेव्हा एक महिन्याचा साठा कायम पुढे असू द्या. डोळे एकदम पिवळे, लघवी काळपट, चेहरा पांढराफटक, किंवा बोलण्यात भ्रम असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. रात्रीच्या ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विल्सनचा रुग्ण कधी पाहिला नसेल, म्हणून निदान, औषध, डोस आणि ‘औषध थांबवू नये’ एवढं एका कागदावर डॉक्टरांच्या सहीनं घेऊन तो फाईलच्या अगदी वर ठेवा.

खाण्याचा बाऊ करू नका. कलेजी, खेकडे-शिंपल्या, काजू, चॉकलेट, मशरूम पहिलं वर्षभर तरी बंद. तिळात तांबं बरंच असतं, पण संक्रांतीचा एक तिळगूळ खाल्ल्यानं काही होत नाही, तिळाची चटणी रोज नको. शेंगदाण्यात काजूच्या निम्मं, म्हणून भाकरीबरोबर चमचाभर शेंगाचटणी चालेल का, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. उगाच पोराचं ताट बेचव करू नका. तांब्याच्या हंड्यातलं पाणी मात्र त्याला अजिबात नको, आणि बिनकल्हईच्या पितळी भांड्यातलं आंबटही नको. दारू कधीच नाही. कावीळ ए आणि बी या दोन्हींच्या लसी दिल्यात का ते विचारा.

पैशांचं म्हणाल, तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं कार्ड काढून ठेवा. केंद्राचं दुर्मीळ आजार धोरण २०२१ चं आहे, त्याखालचं उत्कृष्टता केंद्र मुंबईच्या केईएममध्ये आहे. भावाची तिथे नोंद आणि मदत होते का ते एकदा जाऊन विचारा. समुपदेशनही त्याच फेरीत होईल, त्यामुळे जमलं तर आईला सोबत न्या. मामांना काय सांगायचं हे तिनं तुमच्याकडून ऐकण्यापेक्षा डॉक्टरांकडून ऐकलेलं तिला पटेल.

मामांशी बोलताना ‘मुलीत दोष आहे का बघतोय’ असं वाक्य येऊ देऊ नका. “माझ्या मुलाला जो आजार निघाला तो आपल्या घराण्यात आहे, डॉक्टरांनी दोन्हीकडच्या मुलांची तपासणी सांगितली आहे,” एवढंच आईनं आपल्या भावाला सांगावं, आणि साखरपुड्याच्या गर्दीत नव्हे, घरी बसून. मामेभाऊ रक्त द्यायला तयार झाला तर भावाच्या जनुक रिपोर्टची प्रत त्याच्या नमुन्याबरोबर जोडा. ती नसली तर लॅब अख्खं जनुक नव्यानं वाचायला घेते, खर्च वाढतो आणि लग्नाची तारीख तोंडावर आली तरी रिपोर्ट येत नाही.